एक गाव, तीन पुस्तके

प्रस्तावना

एखादी कादंबरी किंवा कथा वाचून झाली, की 'हे खरेच घडले असेल का?' असा प्रश्न आपल्या मनात येतो. आत्मचरित्र वाचताना तो येत नाही, कारण तेथे सारे खरेच आहे असे आपण गृहीत धरतो. पण कादंबरी खोटी आणि आत्मचरित्र खरे, एवढे म्हणून भागते का? कल्पित माणसांच्या दुःखाने आपल्या डोळ्यांत पाणी का येते? आणि पुस्तक चांगले की वाईट हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? फक्त पदवी घेतलेल्यांचा, की मन लावून वाचणाऱ्या प्रत्येकाचा?

तमिळनाडूतील कुंभकोणम् या गावी एका वाचनप्रेमी आजींच्या सहवासात लेखिकेला या प्रश्नांचा नव्याने विचार करावा लागला. ती हकीकत या पाठात आली आहे. आजींचे बोलणे लेखिकेने प्रमाण मराठीत दिले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही–

- आत्मचरित्र, कादंबरी व लघुकथा या साहित्यप्रकारांतील फरक सांगू शकाल.
- प्रत्येक साहित्यप्रकार वाचताना कोणते प्रश्न विचारावेत हे स्पष्ट करू शकाल.
- कुंभकोणम् परिसरातील तमिळ साहित्यिक व मराठी भाषक यांची माहिती सांगू शकाल.
- स्वतः वाचलेल्या पुस्तकाविषयी आपले मत कारणांसह मांडू शकाल.

मूळ पाठ

(१)

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी काही वर्षांपूर्वी मी तमिळनाडूत गेले होते. माझा मुक्काम मात्र तंजावरला नव्हता. तेथून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणम् या गावी एका स्नेह्यांनी माझी सोय केली होती. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले हे गाव देवळांचे गाव म्हणून ओळखले जाते. दर बारा वर्षांनी येथील महामहम् तलावावर मोठी यात्रा भरते. पितळेच्या समया, रेशमी साड्या, विड्याची पाने आणि पितळी पेल्यातून मिळणारी वाफाळलेली कॉफी यांसाठीही गावाचे नाव आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला आपले राज्य स्थापन केले. भोसले घराण्याची ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात आलेली अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात कायमची स्थायिक झाली. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून नावलौकिक मिळविलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथेच झाला.

मी उतरले होते ते घर अशाच एका मराठी कुटुंबाचे. घरातील आजी ऐंशीच्या घरातील. घरात त्या मराठी बोलत, पण ती मराठी पुण्या-मुंबईची नव्हे. तिच्यात काही शब्द आपल्या कानांना फार जुने वाटावेत असे, तर काही सरळ तमिळमधून आलेले. देवनागरी अक्षरे मात्र त्यांना वाचता येत नव्हती. त्यांचे सारे लिहिणे-वाचणे तमिळमध्ये. तमिळ शाळाही चौथीनंतर सुटलेली. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला. "मी काही शिकलेली नाही, मुली. तू एम. ए. झालेली."

माझ्या पिशवीत तीन पुस्तके होती. ज्या गावी जायचे त्या गावातील लेखक वाचावेत, या हेतूने मी ती घेतली होती. एक आत्मचरित्र, एक कादंबरी आणि एक कथासंग्रह. मूळ तमिळ पुस्तके मला वाचता येत नसल्याने तिन्ही इंग्रजी भाषांतरे होती. रात्री जेवणानंतर आजींनी विचारले, "काय वाचतेस?" मी एकेक नाव सांगितले. प्रत्येक नावाला आजी मान डोलावीत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिन्ही वाचलीत मी. पुष्कळ वर्षे झाली."

मी ओशाळले. ज्यांना मी पुस्तकांची माहिती सांगण्याच्या तयारीत होते, त्यांनी ती मूळ भाषेत वाचलेली होती. स्वतःला सावरण्यासाठी मी परीक्षेत लिहावे तसे बोलून गेले, "आजी, यातले आत्मचरित्र तेवढे खरे. कादंबरी आणि कथा कल्पित."

आजी हसल्या. "असे का? मग यमुनेसाठी मी रडले, ते रडणेही कल्पितच म्हणायचे?"

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री मला देता आले नाही. पुढचे तीन दिवस आम्ही त्याच प्रश्नाभोवती बोलत राहिलो.

पाठगत प्रश्न १

१. लेखिका तमिळनाडूत कशासाठी गेली होती?
२. आजींच्या मराठीचे वेगळेपण कोणते?
३. लेखिका का ओशाळली?

(२)

पहिले पुस्तक उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांचे 'एन् चरित्तिरम्', म्हणजे 'माझे चरित्र'. तमिळमधील हे गाजलेले आत्मचरित्र १९४० पासून 'आनंद विकटन' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. आजींच्या वडिलांनी त्याची पाने कापून, शिवून, घरीच त्यांचे पुस्तक केले होते. आजींनी ते वाचले ते त्या शिवलेल्या पानांतून.

स्वामिनाथ अय्यर कुंभकोणम् जवळच्या एका खेड्यातले. त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्या घरी राहून, जुन्या गुरुकुल पद्धतीने ते तमिळ शिकले. १८८० साली कुंभकोणम् येथील सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गावात मुन्सफ म्हणून आलेल्या सेलम रामस्वामी मुदलियार यांची ते भेट घेण्यास गेले. 'आपण काय काय वाचले आहे?' असे मुदलियारांनी विचारताच तरुण अध्यापकाने अभिमानाने पुष्कळ ग्रंथांची नावे सांगितली. मुदलियारांना त्याचे कौतुक वाटले नाही. या सर्वांहून जुने असलेले 'जीवकचिंतामणि' हे काव्य वाचले आहे का, असे त्यांनी विचारले. अय्यरांनी ते वाचलेले नव्हते.

त्या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. जुन्या ताडपत्रांच्या शोधात ते गावोगाव हिंडले, पदरमोड केली, पाठभेद ताडून पाहिले. १८८७ साली त्यांनी 'जीवकचिंतामणि' छापून प्रसिद्ध केले. पुढे 'शिलप्पदिकारम्' (१८९२), 'पुरनानूरु' (१८९४), 'मणिमेखलै' (१८९८) असे एकाहून एक प्राचीन ग्रंथ त्यांनी विस्मृतीतून बाहेर काढले. आज तमिळ भाषेच्या प्राचीनतेविषयी आपण जे बोलतो, त्यातील मोठा भाग या परिश्रमांवर उभा आहे.

आजींना विचारले, "या पुस्तकात तुम्हांला काय आवडले?" त्यांनी ताडपत्रांचे नाव काढले नाही. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस, पण आपल्याला काही येत नव्हते हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. आपली फजिती जो लपवत नाही, त्याचे बाकीचे बोलणेही खरे वाटते."

आत्मचरित्राची याहून चांगली कसोटी मला एखाद्या टीकाग्रंथातही सापडली नसती. आत्मचरित्रकार वाचकाला वचन देतो, की 'हे माझ्या बाबतीत घडले'. म्हणून त्याला विचारायचा प्रश्न असा, की तो स्वतःशी किती प्रामाणिक आहे? त्याने काय सांगितले आणि काय झाकले? कोणत्या वयात, कोणासाठी तो हे सांगत आहे? अय्यरांनी आपले चरित्र वयाची पंचाऐंशी वर्षे होत आल्यावर सांगितले, आणि ते पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. आयुष्यातील शेवटची जवळजवळ चार दशके त्यात आलेलीच नाहीत. म्हणजे खरे आत्मचरित्रसुद्धा पूर्ण सत्य नसते. ते एका माणसाला आठवलेले, त्याने निवडलेले सत्य असते.

मराठीत ही प्रामाणिकपणाची परंपरा मोठी आहे. दया पवार यांनी 'बलुतं' (१९७८) मध्ये आपली कहाणी सांगताना स्वतःचे जणू दोन भाग केले. गावातला दगडू आपली व्यथा सांगतो आणि शहरातला शिकलेला दया पवार ती ऐकतो. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाचे नावच आईने विणलेल्या बांबूच्या वस्तूंवरून आलेले आहे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा लेखिकेने जोडला आहे. दोन्ही पुस्तके आपल्याला विचारतात, की पुढे गेलेला माणूस मागे राहिलेल्यांकडे कोणत्या नजरेने पाहतो?

पाठगत प्रश्न २

१. रामस्वामी मुदलियार यांच्या प्रश्नाचा अय्यरांवर काय परिणाम झाला?
२. आजींच्या मते आत्मचरित्र खरे केव्हा वाटते?

(३)

दुसरे पुस्तक ति. जानकीरामन् (१९२१–१९८२) यांची 'मोगमुळ्' ही कादंबरी. या नावाचा अर्थ 'मोहाचा काटा'. जानकीरामन् यांचे शिक्षण कुंभकोणम्‌च्या महाविद्यालयात झाले. पुढे त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली. १९७९ साली त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'मोगमुळ्' ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी. कॉलेजच्या शिक्षणासाठी कुंभकोणम्‌ला आलेला बाबू, त्याची गाण्याची साधना, त्याचे गुरू रंगण्णा आणि त्याच्याहून सुमारे दहा वर्षांनी मोठी असलेली यमुना यांची ही कहाणी आहे.

या यमुनेशी आपले थोडे नाते आहे. तिचे वडील तमिळ ब्राह्मण, तर आई तंजावरकडील मराठी. आई ही वडिलांची दुसरी स्त्री. त्यामुळे यमुनेचे लग्न कोठेच जुळत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर घरात गरिबी येते. बाबूचे तिच्यावर प्रेम आहे, पण ती कितीतरी वर्षे त्याला नकार देत राहते.

आजींनी ही कादंबरी विशीच्या आत, भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका दुकानातून आणून, घरातल्यांची नजर चुकवून वाचली होती. "का लपवून?" मी विचारले. "मुलींनी वाचू नये असे म्हणत. आणि त्यात मराठी घर होते. आपल्या घराविषयी काय लिहिले आहे, हे मला पाहायचे होते." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "बाबू सगळी पाने अडवून बसतो. पण पुस्तक मिटले, की लक्षात राहते ती यमुना."

कादंबरीत तंगम्मा नावाची आणखी एक तरुण स्त्री आहे. म्हाताऱ्या माणसाशी लग्न लावून दिलेली, एकटी पडलेली. तिचा शेवट दुःखद होतो. तिच्याविषयी बोलताना आजींनी माझ्या पहिल्या रात्रीच्या विधानाचे उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "तंगम्मा म्हणून कोणी बाई नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण तशा तिघीजणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. त्यांचे कोणी चरित्र लिहिले नाही. मग त्या कुठे सापडायच्या? या पुस्तकातच ना?"

कादंबरीचे सत्य ते हेच. 'हे घडले' असे वचन कादंबरीकार देत नाही. 'माणसे अशी असतात, अशी वागू शकतात' एवढेच तो सांगतो आणि ते पटविण्यासाठी त्या माणसांबरोबर आपल्याला दीर्घकाळ राहायला लावतो. म्हणून कादंबरीला विचारायचा प्रश्न वेगळा. ही माणसे जिवंत वाटतात का? ती लेखकाच्या हातातली बाहुली आहेत, की आपल्या स्वभावाने चालतात? ज्यांना बोलायला कोणी जागा दिली नाही, त्यांना येथे जागा मिळाली आहे का? मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीतला नववीतला मुकुंद जोशी कोणत्या गावात राहत होता, हे आपण शोधत बसत नाही. आणीबाणीच्या काळातल्या त्या मुलाची धडपड आपल्याला आपल्या शाळेत घेऊन जाते, म्हणून तो आपल्याला खरा वाटतो.

मग मी एक अडचण काढली. "आजी, एखाद्याने स्वतःचेच आयुष्य कादंबरीत लिहिले तर?" कुंभकोणम्‌मध्येच याचे उदाहरण आहे. एम. व्ही. वेंकटराम् (१९२०–२०००) हे रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री समाजातले लेखक. त्यांची घरची भाषा सौराष्ट्री, लिहिण्याची भाषा तमिळ. आयुष्यातील अनेक वर्षे त्यांना कानात नको ते आवाज ऐकू येत असत. हा भयंकर अनुभव त्यांनी 'कादुगळ्' म्हणजे 'कान' या कादंबरीत महालिंगम् नावाच्या नायकाला दिला. या कादंबरीला १९९३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

आजी म्हणाल्या, "काही गोष्टी 'मी' म्हणून सांगता येत नाहीत. दुसऱ्याच्या नावावर ठेवल्या, की हातात धरता येतात." आत्मचरित्र आणि कादंबरी यांच्यामधली भिंत किती पातळ आहे आणि तरीही ती का लागते, हे मला तेव्हा कळले.

पाठगत प्रश्न ३

१. यमुनेचे लग्न का जुळत नाही?
२. 'त्या कुठे सापडायच्या? या पुस्तकातच ना?' या उद्गारातून आजींना काय सुचवायचे आहे?
३. वेंकटराम् यांनी आपला अनुभव कोणाच्या रूपाने मांडला?

(४)

तिसरे पुस्तक तमिळ लघुकथांचा संग्रह. त्यात कु. प. राजगोपालन् (१९०२–१९४४) यांची 'विडियुमा?' ही कथा होती. नावाचा अर्थ 'उजाडेल का?'. राजगोपालन् यांचा जन्म कुंभकोणम्‌चा. ते सरकारी नोकरीत होते. ऐन तिशीत मोतीबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. त्या काळात ते कथा तोंडी सांगत आणि त्यांची बहीण सेतु अम्माळ त्या लिहून घेत असे. पुढे तीही लेखिका झाली.

'विडियुमा?' या कथेत घडते ते एवढेच. मद्रासच्या रुग्णालयातून तार येते, की घरच्या जावयाची प्रकृती गंभीर आहे. त्याची पत्नी आणि तिचा भाऊ रात्रीच्या गाडीने मद्रासला निघतात. एक तार, एक गाडी, एक रात्र. पण त्या एका रात्रीत, दोघांच्या तुटक बोलण्यातून, त्या बाईच्या संसाराची सारी कहाणी आपल्यापर्यंत येते. जिवाची घालमेल होत असताना माणूस आशा आणि भीती यांच्यामध्ये कसा झुलतो, हे लेखक एकही मोठा शब्द न वापरता दाखवितो.

आजींना कथा आठवावी म्हणून मी ती मराठीत सांगू लागले. गाडी निम्म्या वाटेवर आली असेल. आजींनी हात वर केला. "तिथेच थांब. पुढचे सांगू नको." मी थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्या गाडीत मी बसले आहे, मुली. अशीच तार आली होती. ही कथा मी एकदाच वाचली. पुन्हा वाचली नाही."

मी पुस्तक मिटले. म्हणून या कथेचा शेवट मी तुम्हांलाही सांगत नाही. तो ज्याने त्याने वाचावा.

लघुकथा आपल्याला संपूर्ण आयुष्य सांगण्याचे वचन देत नाही. ती एकच क्षण देते, पण असा, की त्यातून मागचे आणि पुढचे आयुष्य दिसावे. तिला विचारायचे, की पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत काय बदलले? न सांगता काय सांगितले? जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईच्या गिरणगावातील उद्ध्वस्त झालेल्या माणसांचे जग त्यांच्या कथांमध्ये भेटते. गिरण्या बंद पडल्याची आकडेवारी अहवालात मिळेल. त्या आकड्यामागचा एक चेहरा आपल्याला कथा दाखविते.

(५)

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आजींनी विचारले, "आपल्या मराठीत एखाद्या न शिकलेल्या बाईने लिहिलेले पुस्तक आहे का?" मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी सांगितले. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर घरीच. त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि आजही मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. माझ्याजवळ ते पुस्तक होते. "देवनागरी अक्षरे शिकवू का?" मी उत्साहाने म्हटले.

"आता अक्षरे नकोत. तू वाच, मी ऐकते," आजी म्हणाल्या.

दोन तास मी वाचत होते. एखादा शब्द अडला, की त्या मला थांबवीत, अर्थ विचारीत आणि त्यांच्याकडे त्यासाठी कोणता शब्द आहे ते सांगत. मध्येच हसत. शेवटी मी पुस्तक खाली ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, "ही बाई रागावते, पण रागात लिहीत नाही."

एम. ए.च्या अभ्यासात 'स्मृतिचित्रे'वर मी दहा पानांचे टिपण लिहिले होते. त्या दहा पानांत हे एक वाक्य नव्हते.

निरोप घेताना मी म्हटले, "आजी, तुम्ही शिकलेल्या नाही असे पुन्हा कोणाला सांगू नका." त्या काही बोलल्या नाहीत. पण या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

पाठगत प्रश्न ४

१. सेतु अम्माळ यांनी भावाला कशी मदत केली?
२. लघुकथा वाचताना कोणते प्रश्न विचारावेत?
३. 'ही बाई रागावते, पण रागात लिहीत नाही' हे उद्गार कोणाविषयी आहेत?

शब्दार्थ

हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ
मुलूख – प्रदेश
क्रमशः – क्रमाक्रमाने, भागाभागाने
मुन्सफ – दिवाणी न्यायाधीश
ताडपत्र – लिहिण्यासाठी वापरले जाणारे ताडाचे पान
पाठभेद – एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतील शब्दांचा फरक
विस्मृती – विसर
कसोटी – पारख करण्याचे साधन
उद्गार – बोल

भाषाभ्यास

पाठात आलेले पुढील वाक्प्रचार व त्यांचे अर्थ लक्षात घ्या.

ऐंशीच्या घरात असणे – वय ऐंशीच्या आसपास असणे
पदरमोड करणे – स्वतःचे पैसे खर्च करणे
नजर चुकविणे – कोणाला दिसणार नाही असे करणे
जिवाची घालमेल होणे – मन अतिशय अस्वस्थ होणे

*उदाहरण* : गावातील वाचनालय चालू राहावे म्हणून शिक्षकांनी पदरमोड केली.

तुम्ही काय शिकलात?

- आत्मचरित्रात लेखक स्वतःच्या आयुष्यात घडलेले सांगतो. त्याची कसोटी म्हणजे लेखकाचा प्रामाणिकपणा.
- कादंबरीतील माणसे कल्पित असली, तरी त्यांच्यात अनेक खऱ्या माणसांचे जीवन सामावलेले असते. माणसे जिवंत वाटणे ही तिची कसोटी.
- लघुकथा एखाद्या क्षणातून संपूर्ण जीवनाचे दर्शन घडविते. न सांगितलेलेही जाणवणे ही तिची कसोटी.
- एका साहित्यप्रकाराला दुसऱ्याचा प्रश्न विचारू नये.
- चांगला वाचक होण्यासाठी पदवी आवश्यक नाही. लक्षपूर्वक वाचणे आणि आपल्या अनुभवाशी ते ताडून पाहणे आवश्यक आहे.

स्वाध्याय

१. आत्मचरित्र, कादंबरी व लघुकथा यांतील फरक पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. 'आपली फजिती जो लपवत नाही, त्याचे बाकीचे बोलणेही खरे वाटते.' या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.
३. आजींनी लेखिकेला कथेच्या मध्येच का थांबविले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'भाषाभ्यास'मध्ये दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर व्यक्तीला एक मराठी कथा वाचून दाखवा. कथेविषयी त्या व्यक्तीने दिलेले मत तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याखाली तुमचे मत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१ (१) सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी. (२) तिच्यात काही फार जुने वाटणारे शब्द आणि काही तमिळमधून आलेले शब्द होते. (३) ज्या पुस्तकांची माहिती ती आजींना सांगणार होती, ती आजींनी मूळ तमिळमध्ये वाचलेली होती.

२ (१) ते प्राचीन ग्रंथांच्या ताडपत्रांच्या शोधाला लागले व अनेक ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केले. (२) लेखक आपली फजिती लपवत नाही तेव्हा.

३ (१) तिची आई ही वडिलांची दुसरी स्त्री असल्यामुळे. (२) ज्या सामान्य स्त्रियांचे चरित्र कोणी लिहीत नाही, त्यांचे दुःख कादंबरीतच जपले जाते. (३) महालिंगम् या नायकाच्या रूपाने.

४ (१) भावाची दृष्टी गेली असताना त्याने सांगितलेल्या कथा त्यांनी लिहून घेतल्या. (२) आरंभापासून शेवटापर्यंत काय बदलले आणि न सांगता काय सांगितले. (३) लक्ष्मीबाई टिळकांविषयी.